हेडमास्तरांच्या ओसरीवरचा बाजार

"चोर म्हणे! भरमू आणि चोर!" विद्युल्लतेनं पाय आपटला.

दिवाळीच्या सुटीत ती टिळकवाडीहून जांबोटीला हरिभाऊकाकांकडे आली होती. काका इथले मास्तर. काचांवर बाजार, नदी, चावडी रंगवायची, रॉकेलच्या दिव्याच्या यंत्रातून ती पडद्यावर मोठी करून दाखवायची आणि पोरांना आपला मुलूख शिकवायचा, हा त्यांचा नाद. हेडमास्तरांना त्याचा भयंकर तिटकारा! "शाळा आहे की तमाशा?" म्हणायचे. स्वतः मात्र एकदाही तो तास बघायला बसले नाहीत.

आता चार चित्रं नाहीशी झाली होती. यंत्र उचलायला भरमू असायचा, म्हणून चोर भरमू! आज दिवेलागणीला हेडमास्तर ओसरीवर वडीलधाऱ्यांसमोर त्याचं नाव शाळेतून काढणार होते.

"मी हातबी लावला न्हाय गं," भरमू रडवेला झाला. "आई म्हनती, उद्यापासनं म्हशी राख."

"काल संध्याकाळी हेडमास्तरांच्या ओसरीची भिंत लाल-हिरवी दिसत होती. कशानं रे?"

"आयला! कंदील!"

दोघं धावत सुटली आणि हेडमास्तरांच्या कुंपणातून डोकावली. कंदिलाला चारही काचा रंगीत!

"काढू या?"

"खुळा का काय! तुझ्या हातात सापडल्या तर तूच चोर ठरशील. त्यांनाच लावू दे कंदील!"

संध्याकाळी हेडमास्तर कडाडले, "असल्या कार्ट्याला शाळेत थारा नाही!"

"अंधार झालाय," विद्युल्लता साळसूदपणे म्हणाली. "कंदील लावा ना. चोराचं तोंड दिसू दे सगळ्यांना."

मष्णू शिपायानं कंदील पेटवला. चुन्याच्या भिंतीवर अंधूक रंगीत चित्रं उमटली.

"ह्यो तर आपला बाजार!" परशराम पाटील ओरडले. "आन् ही माझी गाडी!"

"बैल भरमूनंच रंगवलेत," हरिभाऊ म्हणाले.

"मष्ण्या, या काचा कुठल्या?" हेडमास्तर गरजले.

"तुमीच म्हनालासा न्हवं, कपाटातल्या रंगीत काचा बसव म्हनून?"

हेडमास्तर चाचरले, "मला वाटलं, चित्रं त्या पडद्याच्या कापडावर असतात!"

ओसरी खो खो हसली. भरमू हसला नाही.

"शाबास, पोरांनो!" पाटील म्हणाले.

"बरं, बरं. सुटी संपली की ये शाळेत," हेडमास्तर पुटपुटले.

भरमू जागचा हलला नाही. "गुरुजी, चोर समद्यांम्होरं म्हनालासा. चोर न्हाय, ह्येबी समद्यांम्होरं म्हना."

हेडमास्तरांनी पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी नजर हटवली नाही.

"भरमू चोर नाही."

"मोठ्यानं!" पाटील म्हणाले.

आणि हेडमास्तरांना ते मोठ्यानं म्हणावं लागलं.