श्वासापुरती थांबणारी पेटी

हे खरं घडलेलं आहे. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

ज्याच्या घरी घडलं तो रत्नपाल, माझा मावसभाऊ. मुरुडच्या अलीकडे आमची बौद्धवाडी. तिथे अंगारा नाही, नारळ उतरवून टाकणं नाही. कुणी भुताचं नाव काढलं की रत्नपाल म्हणायचा, "आधी फ्यूज बघ." असल्या माणसाच्या घरात गेल्या एप्रिलमध्ये, भर दुपारी हे झालं.

रात्री झालं असतं तर मीही त्याला वेड्यात काढलं असतं.

रत्नपालला जुन्या वाद्ययंत्रांचं भारी वेड. बटण दाबलं की ठेका धरणाऱ्या पेट्या, खुंटी पिळली की कोल्ह्यासारखे रडणारे सिंथेसायझर. आणि मतं अशी ठाम की ऐकणाऱ्याने चहा टाकून पळावं!

"कॉम्प्युटरचा ठेका म्हणजे फ्रीजमधला भात," तो म्हणायचा. "पोट भरतं, पण वाफ नाय."

त्याच्या लेखी खरी पेटी ती, जी दमट हवेत जराशी बिघडते, तापली की ठेका ढिला सोडते, आणि जिची झांज तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी वाजते.

किहीमला त्याचा दोस्त हर्षद असलीच यंत्रं दुरुस्त करतो. त्याच्याकडून रत्नपालने एक जुनी जपानी पेटी आणली. लाकडी अंगाची. वॉल्ट्झ, रुंबा, टँगो अशी बटणं. रुंबा आणि टँगो एकदम दाबून वेग उतरवला की जवळजवळ आपला केरवा निघायचा.

आणली होती आईसाठी.

त्याची आई म्हणजे माझी मनुमावशी. जयंतीला भीमगीतं गायची, आणि ढोलकीवर तिचा नवरा, भागोजीकाका. मावशीला दमा. लांब ओळ संपली की श्वास पुरायचा नाही. मग सम यायच्या आधी काका हात हवेत धरायचे... मावशी श्वास घ्यायची... आणि थाप पडायची. लोकांना वाटायचं, ही काकांची लकब.

काका गेले आणि मावशीने गाणं सोडलं. तेव्हापासून ती खंगतच चालली. रत्नपालला तिला पुन्हा उभं करायचं होतं, बस्स.

पहिल्या दुपारी दोन ओळींतच तिला धाप लागली.

"ही थांबत न्हाय रं," ती म्हणाली. "तुजं बाबा थांबायचं."

"आई, यंत्र आहे ते. यंत्र कुणासाठी थांबत नाही."

दुसऱ्या दुपारी...

पेटी थांबली.

मावशीने श्वास घेतला, आणि बरोब्बर सम पडली.

एखादा कंडेन्सर सैल असेल, रत्नपालने मनाला समजावलं. आईच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी हसू आलं होतं. त्याने पेटी उघडली नाही.

पण संशयाचा किडा गप्प बसतो होय? त्याने स्वतः गाऊन बघितलं. पेटी सरळ वाजत राहिली. आईचं गाणं मोबाइलवर घेऊन लावलं. तरी सरळ. आई समोर बसून गायला लागली की मात्र...

पेटीला माईक नव्हता. तिला ऐकायला कानच नव्हते.

त्याने हर्षदला बोलावून घेतलं. "खरं सांग, आत चिप बसवलीयस ना? माझ्या आईशी खेळतोस?"

हर्षदने पेटी उलटी करून पत्रा काढला. "बघ डोळे फाडून! ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, वायरी. हिला स्मरणशक्तीच नसते रे. कालचं आज आठवत नाही हिला."

"मग थांबते कशी?"

"ते तूच सांग. मला येडा बनवतोस काय?"

जेवायला न थांबता हर्षद निघून गेला.

त्या दिवसापासून रत्नपाल नुसता पाळतीवर. आणि मग त्याच्या लक्षात आलं... पेटीचं थांबणं वाढत होतं. मावशीचा श्वास घेऊन व्हायचा, तरी पेटी गप्पच. मावशी तोंड अर्धवट उघडं ठेवून वाट बघायची. नजर भिंतीवर, जिथे काकांची ढोलकी टांगलेली.

"आई, पुरे आता."

"गप रं. ते थांबल्यात माज्यासाटी."

"मग एवढा वेळ?"

मावशी लाजल्यासारखी हसली. "बोलवत आसतील."

रत्नपालने भिंतीवरच्या ढोलकीकडे बघितलं. ज्या माणसाने जन्मभर तिचा श्वास सांभाळला, त्या बापावर संशय घ्यायचा?

जयंतीच्या आदल्या दुपारी ऊन रणरणत होतं. माडाचं झापही हलत नव्हतं. मावशी गात होती. ओळ संपली. पेटी थांबली...

मावशीही थांबली.

छाती वर येईना. डोळे उघडे. ओठ काळेनिळे पडायला लागले.

"आई! ए आई!"

रत्नपालने गदागदा हलवलं. काही नाही. त्याने रागाने पेटीची वायर उपटली. लाल दिवा विझला.

आणि मग त्याला कळलं, आता सम येणारच नाही.

त्याने वायर परत खुपसली, बटणांवर बुक्क्या मारल्या. पेटी मुकी. शेवटी त्याने झेप घेऊन भिंतीवरची ढोलकी ओढली. उभ्या जन्मात त्याने ती वाजवली नव्हती. मारली तशीच थाप, फुटक्या मडक्यासारखी.

मावशीने श्वास घेतला. बुडणारा वर येऊन घेतो तसा.

रत्नपाल लहान पोरासारखा रडला. मावशी मात्र त्याच्याकडे रागाने बघत होती.

"कशाला वाजवलीस? मी निघालेच व्हते."

डॉक्टर म्हणाले, दम्याचा झटका. असेल. पेटी हर्षदकडे परत गेली. तो सांगतो, आता ती सरळ वाजते, एकदाही थांबली नाही. मावशी गात नाही.

मागच्या आठवड्यात मी दुपारचा त्यांच्याकडे गेलो. मावशी झोपली होती. उशाशी रत्नपाल, मांडीवर ढोलकी, डोळे तांबारलेले. मी तोंड उघडणार तोच त्याने खुणेने गप्प केलं.

मावशीचा श्वास लयीत चालला होता... आणि थांबला.

रत्नपालने थाप मारली. श्वास पुन्हा सुरू झाला.

"थाप मी मारतो," तो माझ्या कानाशी पुटपुटला. "पण थांबवतं कोण?"

भिंतीवर काकांचा फोटो होता. मी तिकडे बघितलंच नाही. चप्पल घातली आणि निघालो.