खंडेनवमीला पुजलेला कॉम्प्युटर

आवाज फटाक्यासारखा झाला. कालच दसरा झालेला, पोरं अजून कुठं कुठं टिकल्या फोडत होती, म्हणून कॉलेजात आधी कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

मग कॉम्प्युटरच्या खोलीतून हेमा बाहेर आली. तोंड पांढरंफटक.

"मॅडम, गेला."

पद्मजाबाईंनी चहाचा कप तसाच ठेवला. "कोण गेला?"

"कॉम्प्युटर. बटण दाबलं, धाडकन आवाज झाला, वास आला. आता पेटतच नाही."

पेडगावच्या त्या ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर आला होता त्याच वर्षी, ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. आसपासच्या गावांत असलं यंत्र दुसरं नव्हतं. अध्यक्ष गोविंदराव कुणी पाहुणा आला की त्याला आधी ते दाखवायला नेत, चहा नंतर. चपला बाहेर काढायच्या, हात पुसायचे, मग आत. आणि हे सगळं सांभाळायला एकटी हेमा, तीही हंगामी.

पद्मजाबाई तिथं फिजिक्स शिकवत. हेमा त्यांचीच विद्यार्थिनी, आणि तिच्यासाठी गोविंदरावांकडं शब्द टाकला होता तोही बाईंनीच. हेमाच्या बापाचं, मुंजाजीचं, गावात दुकान होतं. शेतातल्या जळालेल्या मोटारी तो नव्यानं बांधून द्यायचा. आता त्याला कष्ट झेपत नव्हते, दुकान बसल्यात जमा. घरची चूल पेटायची ती हेमाच्या नोकरीवर.

गोविंदराव जीप घेऊन आले तेच तणतणत.

"सोमवारी तपासणीची कमिटी येणार. कॉम्प्युटर चालू दिसला तर कॉलेजला नवा कोर्स मिळणार, आन् आज हा तमाशा? हे आपोआप झालेलं न्हाई. कुणीतरी केलंय. दुपारपर्यंत मला नाव पायजे. न्हाईतर ज्याच्या हातात मेला त्याची जिम्मेदारी. ही पोरगी घरी!"

"इंजिनिअरला बोलवा ना," पद्मजाबाई म्हणाल्या.

"कुठून? औरंगाबादहून? विद्यापीठाच्या नामांतरावरून तिकडं बंद हाय, एस.ट्या डेपोत उभ्या हायत. फोन केला तर म्हणतो, पुढच्या आठवड्यात बघू."

"मग मी बघते. पोरीचं नाव असं फुकट जाऊ देणार नाही."

हेमा हळूच म्हणाली, "मॅडम, राहू द्या ना. सोडून द्या."

"काय सोडून द्या? गप बस तू."

बाईंचा स्वभावच तसला. गणित अडलं की त्यांचं जेवणावरचं लक्ष उडायचं, आणि इथं तर अख्खं कोडं समोर पडलेलं. पदर खोचून त्या कामाला लागल्या.

आधी सॉकेट. त्यात टेबललॅम्प लावून पाहिला, लख्ख पेटला. रात्री पाऊस पडून गेला होता, शिवारातल्या मोटारी बंद होत्या, म्हणून आज लाइट कशी फुल्ल होती. मग तार. पडद्याची तार काढून डब्याला, म्हणजे खुद्द कॉम्प्युटरला, लावली. डबा ढिम्म. डब्याची तार पडद्याला लावली, पडद्याचा दिवा लागला. म्हणजे सॉकेट बरा, तारा बऱ्या. दुखणं डब्याच्या पोटात. नाक जवळ नेलं तर जळक्या वासानं ठसकाच लागला.

"स्टॅबिलायझर कुठाय गं?"

"पोळ्याच्या सुमाराला जळाला. परभणीला दुरुस्तीला दिलाय. तेव्हापासून थेट लावतो."

त्या संस्थेतून दुरुस्तीला गेलेली वस्तू परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

बाई टेबलावर वाकल्या. डबा जिथं रोज असायचा तिथं धुळीची चौकट उमटली होती, आणि डबा त्या चौकटीत नीट बसत नव्हता. कुणीतरी तो फिरवून पुन्हा ठेवलेला. पुढून कुंकवाचं बोट, वर झेंडूचा सुकलेला हार. बाईंनी डबा वळवला. मागं पंख्याची जाळी, तार खोचायची जागा आणि शेजारी नखाएवढं तांबडं बटण, खोल आत बसलेलं. बटणावर आकडा ११५. त्याला बारीक ताजा चरा गेलेला, आणि खोबणीत पिवळी हळद.

"मागं हळद कुणी लावली?"

"मीच लावली असेल," हेमा म्हणाली.

"असेल म्हणजे?"

"मीच लावली."

ती नजर चुकवत होती. बाईंना वाटलं, घाबरलीय बिचारी.

खंडेनवमीला कॉलेजातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. टाइपरायटर, सायक्लोस्टाइल, प्रयोगशाळेतला तराजू, शिपायाची सायकलसुद्धा. यंदा त्यात कॉम्प्युटरची भर. परवा त्या पूजेसाठी खोली दुपारभर सताड उघडी होती. हळदीचे हात तर सगळ्यांचेच. पण त्यातलं एकच नाव सगळ्यांच्या ओठांवर होतं, हेडक्लार्क बन्सीधर. कॉम्प्युटर आल्यापासून हा माणूस त्याला रोज शिव्या घालायचा. बाईंनी त्यालाच आधी गाठलं.

"बन्सीधरराव, परवा तुम्ही त्या खोलीत गेला होता?"

"उंबऱ्यापर्यंत. नारळ फोडला आन् मागं फिरलो."

"हात हळदीचे होते?"

"व्हते की. माझ्या टाइपरायटरला लावली हळद. जलमभर त्याच्यावर खाल्लं. त्या डब्याला कामून लावू?"

"डबा मोडला तर बरं होईल, असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होता."

"म्हणालो. आजबी म्हणतो. आमच्या पोटावर पाय दिलाय त्यानं." बन्सीधरचा आवाज उतरला. "पण बाई, खरं सांगू? मला त्याची भीती वाटती. शॉक लागंल म्हणून मी त्याच्या टेबलाला बी टेकत न्हाई. हवं तर तानुबाईला इचारा."

तानुबाई झाडलोट करणारी. तिला विचारायचाच अवकाश होता.

"खरंय त्यांचं, लय भितेत. मी बी आत झाडू नेत न्हाई, हेमाताईच झाडतेत. परवा मातर आत लय गर्दी. पोरं, मास्तर लोक, हेमाताईचे वडील. हार त्यांनीच आणला व्हता. पूजा बी त्यांनीच केली, मन लावून. आन् संध्याकाळी साहेबांचे पाव्हणे आले तवा तर गंमतच झाली."

"कसली गंमत?"

"लाइट इतकी डीम, की बल्बात निस्ती लाल तार. साहेब म्हणले, कॉम्प्युटर दाखवायचाय, लावा. बन्सीधरराव म्हणले, पुजलेलं यंत्र त्या दिशी चालवत नसतेत. हेमाताई म्हणल्या, असल्या लाइटीत हे कधीच सुरू होत न्हाई. साहेब ऐकतेत व्हय? लावलंच. आन् काय सांगू बाई, एका दमात पेटलं! साहेबांनी हात जोडले. म्हणले, बघा पूजेचं फळ."

पद्मजाबाई उठून उभ्याच राहिल्या. एकदम लख्ख दिसलं त्यांना सगळं. अहाहा! इतका आनंद त्यांना बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

दुपारी सगळे ऑफिसात जमले. गोविंदराव खुर्चीत, बन्सीधर भिंतीला टेकून, तानुबाई दारात, हेमा कोपऱ्यात. हेमाचं जेवण घेऊन मुंजाजी आला होता, तो बाहेर व्हरांड्यात बसला.

"बन्सीधरनं केलं ना?" गोविंदरावांनी सुरुवातच तिथून केली.

"नाही. त्यांना मोडायचाच असता तर तांब्याभर पाणी पुरे होतं." बाई उभ्यानंच बोलत होत्या, वर्गात बोलायच्या तशा. "मला सांगा, जो डबा कमी लाइटीत कधीच पेटत नाही तो परवा पेटला. आणि आज लाइट फुल्ल, तर मेला. असं उलटं का झालं?"

उत्तर बाईंनीच दिलं.

"मागं एक छोटं बटण आहे. इथं किती व्होल्टेज येतं, ते त्या बटणानं यंत्राला सांगायचं. आपल्याकडं ते दोनशेतीसवर ठेवायचं. एकशेपंधरावर केलं, की आत येईल त्याची यंत्र दुप्पट करून घेतं. परवा संध्याकाळी लाइट जेमतेम निम्मी होती. निम्म्याची दुप्पट झाली, डबा झटक्यात पेटला. ते पूजेचं फळ नव्हतं, बटणाचं होतं. आज सकाळी लाइट पूर्ण आली. पूर्णाची दुप्पट झाली आणि आतलं सगळं फुटलं."

"म्हंजे बटण कुणीतरी फिरवलं."

"परवा दुपारी, पूजेच्या वेळी. पण डबा मारायला नाही फिरवलं. कमी लाइटीत तो चालावा म्हणून फिरवलं! दुष्मनाचं काम नव्हे हे. ज्याला या डब्याची काळजी आहे त्याचं. कमी लाइटीत यंत्र जळतं हे त्या माणसानं आयुष्यभर पाहिलेलं. त्याला वाटलं, आकडा खाली आणला की यंत्रावरचा ताण जाईल. बटण खोल आहे, बोट पोचत नाही. तो चरा टेस्टरच्या टोकाचा आहे. खोबणीत हळद, म्हणजे पूजा करता करता केलेलं काम. आता पूजेला येतानाही ज्याच्या खिशात टेस्टर असतो असा माणूस..."

बाईंची नजर हेमाकडं गेली आणि त्या थांबल्या. हेमा मान हलवत होती. नको, नको म्हणत होती. इतका वेळ बाईंना नुसतं कोडंच दिसत होतं. माणूस आत्ता दिसला.

"बोला की," गोविंदराव म्हणाले. "कोण?"

"नाव... नाव नाही माहीत मला."

शेंबड्या पोरालाही कळलं असतं की बाई खोटं बोलतायत.

"नाव कामून दडवायलाय, बाई?" व्हरांड्यातून आवाज आला. मुंजाजी दारात उभा होता. भ्यालेला नाही, उलट छाती काढून. "म्याच केलं ते."

"बाबा, तुम्ही घरी जा," हेमा ओरडली.

"थांब गं. साहेब, ही पोर रोज घरी येऊन रडायची. संध्याकाळी लाइट डीम होती आन् डबा बंद पडतो, म्हणायची. मोटारी बांधण्यात जलम गेला माझा. डीम लाइटीचं दुखणं मला कुणी शिकवायला पायजे व्हय? हिची पाठ वळली तवा केलं बटण खाली. हिला सांगितलं बी न्हाई. आन् त्या सांजंला पेटला का न्हाई डबा? तुमीच हात जोडले." त्यानं सगळ्यांकडं पाहिलं. "माझ्या लेकराचा यात काई गुन्हा न्हाई. झालं ना आता साबित?"

मग बाईंचं मघाचं बोलणं त्याला आठवलं. मुंजाजीचा चेहरा हळूहळू उतरायला लागला.

"बाई, तुमी ते दुप्पट म्हणलात. पर मोटारीत तर तसं होत न्हाई."

"मोटारीत नाही होत, काका," पद्मजाबाई म्हणाल्या. "यात होतं."

"म्हंजे... माझ्यानंच फुटला?"

बाईंनी खाली पाहिलं.

गोविंदरावांनी त्याच्याकडं ढुंकूनही न बघता विचारलं, "हेमा, खोलीची किल्ली कुणाकडं असती?"

"माझ्याकडं."

"बाहेरच्या माणसानं यंत्राला हात घातला आन् तुला पत्ता न्हाई. उद्यापासून येऊ नको."

"अहो, हा कुठला न्याय?" पद्मजाबाई भडकल्या. "स्टॅबिलायझर असता तर त्या बटणाला हात लावायची वेळच आली नसती! तो पोळ्यापासून परभणीत धूळ खातोय, त्याची जिम्मेदारी कुणाची? कॉलेजातल्या सगळ्यांनी पूजा केली, मग ही एकटीच का?"

"बाई, तुमीच गुन्हेगार शोधून दिला. आता तुमीच त्याची वकिली करू नका." गोविंदराव उठले. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला. मुंजाजी कधी बाहेर पडला ते कुणाला कळलं नाही.

हेमा आपलं सामान पिशवीत भरत होती. पद्मजाबाई तिच्याजवळ गेल्या.

"तुला ठाऊक होतं?"

"सकाळीच. आवाज झाला तसं मी मागं पाहिलं. त्या बटणाचं मी कोर्समध्ये शिकलेय, मॅडम. आणि एवढ्या मागं जाऊन हळद कोण लावणार, बाबांशिवाय?"

"मग मला सांगितलं का नाहीस? मी एक अक्षर बोलले नसते गं."

"सांगितलं असतं तर तुम्ही माझी नोकरी वाचवायला बोलला असता. नोकरी तशीही जाणारच होती, मॅडम. साहेबांना कुणीतरी हवंच होतं." तिनं पिशवीची गाठ मारली. "पण तुम्ही शोध घेतला नसता तर आपल्यानंच फुटला हे बाबांना कळलं नसतं. परवापासून गावभर सांगत हिंडत होते, लेकीचं यंत्र म्या चालू केलं म्हणून. मला वाटलं, पूजेचंच म्हणतायत. जेवलेसुद्धा किती हसत."

पद्मजाबाईंनी तोंडाला पदर लावला. माफी मागावी असं फार वाटत होतं, पण कुठल्या तोंडानं मागायची तेच कळेना.

फाटकापाशी मुंजाजी उभा होता. रोज लेकीच्या सायकलशेजारी बोलत बोलत चालणारा माणूस. हेमा जवळ आली तसा तो बाजूला सरकला.

"चला बाबा."

"तू हो पुढं," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "मी येतो मागून."