फुगा उघडेपर्यंत

"तुझ्यामुळे माझ्या पप्पांना काही झालं ना, तर बघ मी काय करते!"

"शीळफाट्याला ट्रक आडवा पडलाय. उडून येऊ का मॅडम?"

राजरत्नने हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. मशीनची बॅग छातीशी धरून तो कल्याणच्या हॉस्पिटलचे जिने धावत चढून आलेला, आणि ही कोण कुठली पोरगी दारातच अंगावर आली! तो अजून काहीतरी लागट बोलणार होता... पण तिचे डोळे दिसले. रडून लाल, तरी भांडायला तयार.

ऑपरेशनच्या खोलीतून आलेल्या नीला सिस्टरने बॅग हिसकून आत नेली. दार बंद.

ठाण्याच्या डीलरकडे असलं मशीन एकच. एकोणीस वर्षांचा राजरत्न ते स्कूटरवर घेऊन फिरायचा. ज्या हॉस्पिटलला लागेल तिथे द्यायचं, काम होईपर्यंत बाहेर बसायचं, मग पुढच्या हॉस्पिटलला.

"ऐक ना," बाकाच्या दुसऱ्या टोकावरून ती हळूच म्हणाली, "ते मशीन... करतं काय?"

"हार्टच्या नसेत चुना झालाय, दगडासारखा. साधा फुगा उघडतच नाही. ह्याचा फुगा आत जाऊन झटके देतो, चुना तडकतो. मग स्टेंट बसतो."

"सगळ्यांचा बसतो?"

हो म्हणून टाकायचं, काय जातंय? पण —

"सगळ्यांचा नाही."

"खोटं तरी बोलायचंस ना रे, मूर्खा!"

"तुझ्याशी? लगेच पकडशील. मग परत भांडशील."

ती हसली — अर्धंच. मग एका दमात सगळं बोलून गेली. ती मेघना, कॉलेजला दुसऱ्या वर्षाला. पप्पा टिटवाळ्याला रिक्षा चालवतात. छातीत कळ येत होती तरी आधी पॅसेंजरला घरी सोडलं, मग डॉक्टरकडे गेले. बोलता बोलता ती त्याच्या हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. राजरत्नला तो सोडवून घ्यावासा वाटेना.

"सारखा दाराकडे काय बघतोस? मशीन लवकर पाहिजे ना तुला?"

"पाहिजे. डोंबिवलीला पेशंट थांबलाय. म्हणजे... नको पण."

"म्हणजे काय?"

"शाळा सोडली ना मी, बाकावर बसून राहणं जमायचंच नाही म्हणून. आज पहिल्यांदा... उठावंसंच वाटत नाहीये."

मेघनाने पट्ट्याला अजून एक वेढा दिला.

दार उघडलं. बॅग घेऊन नीला सिस्टर बाहेर. मेघनाचा चेहरा पांढराफटक. राजरत्न उठून पुढे झाला.

"सिस्टर... फुगा?"

"उघडला. स्टेंट टाकतायत आता."

मेघनाने त्याचा हात धरला, घट्ट. "स्टेंट बसेपर्यंत थांब ना. एकटीला भीती वाटते मला."

फोन वाजला. डोंबिवलीचा. तिकडे पेशंट टेबलवर घेतलाय.

"संध्याकाळी येतो मी. मशीनसाठी नाही — तुझ्यासाठी."

"नक्की?"

"जीव इथे अडकलाय, जाणार कुठे? मेघना... हात सोड ना. मला आता निघायला पाहिजे."