लाल रेघ आणि काळी भुकटी

"हात लावू नकोस! लाल रेघ दिसत नाही का?" नरहरीकाका गरजले. दीपिकाने बोट चटकन मागे घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती आणि धाकटा प्रणव उमरोळीला काकांकडे आले होते, ते विमानासाठीच. बोईसरच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर असलेल्या काकांनी हे दोन सीटांचं विमान पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. कालच त्यांनी पुढचा लाकडी पंखा काढून नवा कार्बनचा बसवला. ठरलेला जोर लागून पाना 'टक्' म्हणाला की बोल्ट घट्ट. मग त्यावर लाल रेघ ओढायची आणि पुन्हा कुणी हात लावायचा नाही, ही त्यांची कारखान्यातली शिस्त!

पण काल इंजिन चालवून पाहिल्यावर पंख्यामागे काळी भुकटी साचली होती. पाड्यावरून रोज खेळायला येणाऱ्या जमुनाने ती फडक्याने पुसली. आज सकाळी दहाच मिनिटं इंजिन चाललं, आणि भुकटी पुन्हा हजर!

काका चावी घेऊन चहाला गेले, तशी जमुना कुजबुजली, "काय तरी घासतंय गं. घट्ट हाय तं घासंल कशाला?"

"मी सांगितलं काकांना," दीपिका म्हणाली. "म्हणाले, करंज्या खा आणि गप्प बसा!"

तासाभरात काका उडणार होते. पंखा बदलला की नव्याने तपासणी लागते, आणि तपासणारे साहेब यायचे होते सोमवारी. पण काकांना कुठला धीर! "एकच फेरी मारतो," असं ते सकाळपासून जयवंतीकाकूंना समजावत होते. काकूंनी तर बोलणंच सोडलं होतं.

शेडच्या मागून प्रणव धावत आला. "ताई, जुना पंखा मध्ये चार बोटं जाड आहे, नवा तीनच! मग बोल्ट तेच कसे?"

"तेच हायत," जमुना म्हणाली. "लांब पडत व्हते म्हणून काका वॉशर घालत व्हते. मी बघितलं!"

दीपिकाने खिशातला चॉकलेटचा कागद काढला आणि पंख्यामागच्या सांध्याला लावला. सर्रकन आत गेला! आता तिच्या लक्षात आलं. वॉशर कमी पडले होते. बोल्टाचे आटे संपले, तो पुढे जाईना, म्हणून पाना 'टक्' म्हणाला होता. पंखा आवळला गेलाच नव्हता!

तेवढ्यात काका हेल्मेट घेऊन आले.

"काका, फट आहे! हे बघा..."

"पुन्हा तेच? रेघ ओढली म्हणजे ओढली! व्हा बाजूला."

दीपिकाला रडू कोसळणार होतं. पण ती वळली, सरळ विमानात चढली आणि दुसऱ्या सीटवर पट्टा बांधून बसली.

"उतर खाली!"

"का? मलाही न्या ना!"

"वेड लागलंय का तुला? नव्या पंख्यावर पहिल्याच खेपेला कुणाला बसवत नाहीत!"

"पण पंखा घट्ट आहे ना? मग माझ्यासाठी का घाबरता?" तिचा आवाज चिरकला. "आणि तुम्हाला काही झालं, तर काकूला आम्ही काय सांगायचं?"

काकांनी मान वळवली. शेडच्या दारात काकू उभ्या होत्या. काकांनी हेल्मेट खाली ठेवलं, दीपिकाच्या हातातला कागद घेतला आणि पंख्यामागे सरकवला. आत गेला. दुसऱ्या बोल्टापाशीही गेला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"वर असताना सुटला असता..." ते जमिनीवर मटकन बसले.

"तीस वर्षांत माझं एक ऐकलं नाही यांनी," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "शाब्बास रे पोरांनो!"

"खरंच शाब्बास!" काका म्हणाले. "बोल्ट नवे येतील, मापाचे. साहेब येईपर्यंत चाकसुद्धा हलणार नाही. माझी चूक मीच त्यांना सांगेन, आणि ती कुणी पकडली तेही!"

"आमच्या तिघांची नावं सांगा हां!" प्रणव ओरडला.

जमुना हसली. दीपिका मात्र अजून सीटवरच होती. पट्टा सोडायचं तिला सुचलंच नव्हतं. काकांनी आत वाकून बक्कल काढायला घेतलं. तीस वर्षं पाना धरलेले ते हात इतके थरथरत होते की शेवटी तिलाच ते सोडवावं लागलं.