बावखलावरची नवरी

बोळिंजच्या हॉलमध्ये लग्नाच्या टोस्टचं भाषण सुरू झालं, तेव्हा लिडियाच्या हातात केकची बशी होती. माईकवरचा माणूस भरदार आवाजात म्हणाला, "आपली नवरी सकाळी चर्चच्या मिस्सेआधी बावखलातून पाणी काढते, मोगऱ्याला घालते... आणि जे झाड फुलत नाही, त्याला रागावते."

पाहुणे कौतुकाने हसले. लिडियाने बशी खुर्चीवर ठेवली.

नवरी तिची कॉलेजातली मैत्रीण, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, तिने बसच्या खिडकीतून पाहिलं असेल तर असेल. मोगऱ्याला रागावणारी मुलगी वेगळीच होती — गास गावची मर्लिन, लिडियाची चुलतबहीण. मागच्या मे महिन्यात, अठ्ठ्याण्णव साली, तिच्या लग्नासाठी लिडियाने हे लिहिलं होतं. स्टेजवर जायची लाज वाटली म्हणून कागद माईकवाल्याकडे पाठवून दिला होता.

माईकवाला तोच होता. उंच, बो बांधलेला, आगाशीचा वॉल्टर.

तिने त्याला मागच्या दाराशी, बर्फाच्या पेट्यांजवळ गाठलं आणि हा मजकूर कुणाचा ते विचारलं. तो हसून म्हणाला, जुना असावा, लोकांना आवडतो. किती लग्नांत वाचला? त्याने बोटं मोजायला घेतली आणि बोटं संपली. त्या सगळ्या नवऱ्या पहाटे उठून पाणी काढत होत्या का, असं विचारल्यावर मात्र तो गोंधळला. नायगावच्या एका डॉक्टरणीनेही त्याच्या भाषणात काढलं होतं.

"आणि बोलायचे पैसे घेता?"

"घेतो की. सूट इस्त्रीला द्यावा लागतो."

"ते मी लिहिलंय," लिडिया म्हणाली. "मर्लिनसाठी. एकट्या मर्लिनसाठी."

त्याचं हसू मावळलं. तो काही बोलणार होता... पण आतून बँडवाल्याने हाक मारली, आणि ती निघून गेली.

राग एकट्या वॉल्टरवर नव्हता. मुंबईच्या एका साप्ताहिकाने तिच्या चार कथा छापल्या होत्या आणि मानधनाऐवजी अंक पाठवले होते. एका दिवाळी अंकाने हस्तलिखित हरवलं आणि दुसरी प्रत मागितली, जणू चूक तिचीच. गावात तर शाळेच्या गॅदरिंगपासून मयताच्या जाहिरातीपर्यंत सगळं तिच्याकडे. तू लेखिका ना, दोन ओळी लिहून दे. बदल्यात केळ्यांचा घड. वडील, रॉबर्ट, वाईट नव्हते. त्यांनी पतपेढीत तिच्या नोकरीसाठी शब्द टाकला होता. एक मार्चला हजर व्हायचं. त्याआधी लिहिण्यातून चार पैसे आले तर आपण काही बोलणार नाही, असं ते म्हणाले होते. जानेवारी अर्धा सरला होता. तीन आठवडे वही उघडली नव्हती. उघडली की वाटायचं, कशाला? कुणासाठी?

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर वॉल्टर दारात उभा. त्याने खिशातून कागद काढून तिच्यापुढे धरला. तिचंच अक्षर, तिने खोडलेला शब्दसुद्धा जसाच्या तसा. कागद लॅमिनेट केलेला होता.

"पावसात भिजला असता," तो म्हणाला. "म्हणून."

तिचं लिहिलेलं आजवर कुणी एवढं जपलं नव्हतं. हे तिला कळलं, आणि तेही या चोराने करावं म्हणून ती जास्तच चिडली. "फाडा," ती म्हणाली.

त्याने ओढलं, वाकवलं, शेवटी दातात धरलं. प्लास्टिक फाटेना. तिला हसू येत होतं, ते तिने दाबून टाकलं. मग पडवीच्या पायरीवर बसूनच तिने सांगितलं — दर नवरीला नवा मजकूर. आधी मी तिच्या घरी जाऊन एक दुपार बसणार. माईकवर माझं नाव घ्यायचं. आणि पैसे आगाऊ. तो म्हणाला, लोक देणार नाहीत. दोन ओळींचे पैसे कोण देतं?

"मग तुम्हीही फुकट बोला."

तो निघून गेला. पंधरा दिवस काहीच निरोप नाही. मग मर्लिनकडून कळलं की वॉल्टरने दोन लग्नं सोडली. लिहिणारीला पैसे नसतील तर मीही बोलणार नाही, असं सांगून आला म्हणे. लिडिया तडक सायकल काढून आगाशीच्या बाजारात गेली आणि भर गर्दीत त्याला विचारलं, "हे मला का सांगितलं नाहीस?"

ती 'तू' म्हणाली होती. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"सांगून काय झालं असतं?"

"काही नाही. रागावले असते."

"रागावलीच आहेस की."

तिसऱ्या घरी मात्र नवरीच हट्टाला पेटली. मला माझं भाषण हवं, शेजारणीचं नको. लिडिया तिच्या घरी दुपारभर बसली. लग्नात वॉल्टरने ग्लास उचलण्याआधी सांगितलं, "हे शब्द गासच्या लिडिया रुमाव यांचे आहेत. ज्यांना हवे असतील, त्यांनी त्यांच्या घरी जावं." मागच्या रांगेत लिडियाने मान खाली घातली. नवरीची आई मात्र पदराने डोळे पुसत होती.

उपवासकाळ लागून लग्नं थांबली, तेव्हा ईस्टरनंतरची सहा घरं ठरली होती. लिडियाने पतपेढीला नकाराचं पत्र लिहिलं. वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि स्वतः टपालपेटीत टाकून आले.

त्याच संध्याकाळी वॉल्टर आला. आणखी एक काम आहे, म्हणाला.

"नवरा कोण?"

"आगाशीचा. माईकवर बोलतो."

तिने वहीतून मान वर केली नाही. "नवरीच्या घरी बसल्याशिवाय मी लिहीत नाही... माहीत आहे ना?"

"बसलीच आहेस."

अंगणातल्या मोगऱ्याच्या वाफ्यात पाणी झिरपत होतं.

"हे बोलायला एवढे दिवस?" ती म्हणाली. "माईक नव्हता म्हणून?"

"कागद नव्हता. मला स्वतःचं बोलता येत नाही."

"मी पैसे आगाऊ घेते."

"मग मीच बोलतो," वॉल्टरने घसा साफ केला. "आपली नवरी... सगळ्यांवर रागावते. फक्त... मोगऱ्यावर नाही."

लिडियाने ती ओळ वहीत उतरवली. एक शब्द खोडावासा वाटला, पण पेन वर उचललं.

"वाईट आहे," ती म्हणाली. "पण तुझी आहे. तुझं नाव घेऊनच वाचायची."