वस्ती: नाही

नगरपालिकेत पर्यावरणाची पाहणी करणारे एक साहेब होते. साहेब म्हणायचं, एवढंच. खडीच्या खाणींचे अहवाल लिहिणं हे त्यांचं काम, आणि ते काम ते खुर्चीतून न उठता उरकायचे. मागच्या वर्षीचा अहवाल उघडायचा, तारीख बदलायची, सही ठोकायची. पाच वर्षं नुसत्या पाट्या टाकल्या या माणसाने, आणि वर मान ताठ. बुटाला खाणीची धूळ म्हणून कधी लागली नव्हती.

यंदा मात्र एका सदस्याने सभेत खोट काढली. दरवर्षी फोटो तोच कसा, म्हणाला. नवा हवा, खाणीच्या काठावर मोजकाठी धरून उभ्या असलेल्या माणसासकट. साहेब चरफडत दुपारी स्कूटरवरून निघाले.

त्या दिवशी क्रशर बंद होता. इतकी सामसूम, की काठावरून सुटलेला खडा तळाला पोचेपर्यंत ऐकू येत होता. ओल्या दगडाचा आणि जळक्या डिझेलचा वास नाकात बसत होता. आणि काठापासून तीन पावलांवर चक्क एक घर होतं. दोरीवर कपडे वाळत होते. अहवालात तर पाच वर्षं 'वस्ती: नाही' असं लिहिलेलं. लाज वाटायची सोडून साहेबांना त्या घराचाच राग आला.

दारातून एक काकू बाहेर आल्या.

"आलात का, भाऊ? बरं झालं. द्या ती काठी, मी धरते."

फुकट माणूस मिळाला म्हणून साहेब खूश. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, पाहिला, पुन्हा काढला. दोन्ही फोटोंत काठी सरळ उभी होती. घर नव्हतं, दोरी नव्हती, काकू नव्हत्या. त्यांनी मान वर केली. काकू काठी धरून समोर उभ्या होत्या.

"येत नाही ना मी?" काकू हळूच म्हणाल्या. "तुमचा पहिला अहवाल गेला, तेव्हापासून असंच चाललंय... दूधवाला थांबत नाही. लेक येते, इथेच उभी राहून हाका मारते, रडते, परत जाते. मी तिच्यासमोर असते हो... दिसते ती फक्त लिहिणाऱ्याला, तुम्हाला."

साहेबांनी घाईने मोबाइल खिशात टाकला.

"पुढच्या महिन्यात खाण इकडे सरकणार. यंत्रावरच्या माणसाला मी दिसणार आहे का? एवढं घर लिहा, भाऊ. एक ओळ."

"लिहितो, काकू... नक्की लिहितो," म्हणत साहेबांनी काठी जवळजवळ हिसकावलीच आणि तिथून धूम ठोकली.

कचेरीत पंख्याखाली बसल्यावर भीती ओसरली आणि मूळचा माणूस जागा झाला. घर लिहायचं म्हणजे पाच वर्षांचं खोटं कबूल करायचं. बढती तोंडावर आलेली. शिवाय जी बाई कोणाला दिसतच नाही, ती तक्रार कुठे करणार? किळस येते अशा माणसाची. त्याने 'वस्ती: नाही' तसंच ठेवलं. काठी कोणी धरली होती, असं उद्या कोणी विचारू नये, म्हणून फोटोखाली स्वतःच्या अकलेने एक नवी ओळ घातली. पाच वर्षांतली पहिली. 'प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी जागेवर एकही माणूस उपस्थित नव्हता.' खाली सही.

बाहेर पडताना शिपाई उठून उभा राहिला नाही. उद्या बघतो याच्याकडे, असं मनात म्हणत साहेब घरी आले. बेल वाजवली.

बायकोने दार उघडलं. जिन्याकडे पाहिलं, मग वरच्या मजल्याकडे.

"अगं, अशी काय बघतेस?" साहेब म्हणाले. "सरक बाजूला."

ती तशीच उभी राहिली. मग तिने शांतपणे दार लावून घेतलं.

"कोण होतं गं?" आतून एका पुरुषाने विचारलं. आवाज साहेबांचाच होता, खाणीवर कधी न गेलेल्या साहेबांचा.

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि आतून कडी लागली.