दर सोमवारी रुसणारी गाडी

“खरं खरं सांग, आमच्या गाडीची बॅटरी तूच उतरवतोस ना... मला बघायला?”

विचारून टाकलं एकदाचं! मनवाने डोळे गच्च मिटले आणि मग एक डोळा हळूच उघडला. समोर ओनील हातात पाना घेऊन तसाच उभा. मागे पानपट्टीच्या आडोशाला श्रेया आणि प्राची एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून नुसत्या फसफसत होत्या. पैज त्यांचीच होती. “हिंमत असेल तर जा आणि विचार,” असं म्हणाल्या होत्या. आणि मनवा परबला हिंमत आहे का असं विचारणं म्हणजे पेटत्या निखाऱ्यावर फुंकर घालणंच.

“म्हणजे...” ओनीलने पाना खाली ठेवला. चिंचपोकळी स्टेशनजवळच्या त्या गल्लीत त्याच्या डॅडींचं, म्हणजे ग्रेगरी अंकलचं, बॅटरीचं छोटं दुकान. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं. आंबटसर अॅसिडचा वास सगळीकडे. आणि तेवढ्यातही ओनीलच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या तिला स्पष्ट दिसल्या. “हे दोन प्रश्न झाले, मॅडम.”

“मग दोन उत्तरं दे.”

“पहिल्याचं... नाही.”

“आणि दुसऱ्याचं?”

“ते जरा चार्जिंगला लावलंय,” तो म्हणाला आणि हसला. गालात खळी वगैरे काही नाही हं! फक्त पुढचा एक दात किंचित तिरका. पण त्या तिरक्या दातापायी मनवाची झोप उडाली होती, हे ती श्रेयालाही बोलली नव्हती.

पण संशय तो संशय. एकोणिसाव्या वर्षी कुणावर जीव जडावा आणि नेमका तोच चोर असावा, हे कोणाला परवडेल?

झालं होतं असं. मनवाचे बाबा, सीताराम परब, आधी काळी-पिवळी टॅक्सी चालवायचे. यंदा त्यांनी नवीन गाडी घेतली आणि दादरच्या एका ऑफिसचं रोजचं काम मिळवलं. सकाळी साहेबांना घ्यायचं, संध्याकाळी सोडायचं. शनिवार-रविवार सुट्टी. गाडी अशी हुशार, की सिग्नलला ब्रेक दाबून उभी राहिली की इंजिन आपोआप बंद आणि ब्रेकवरून पाय काढला की आपोआप चालू. पेट्रोल वाचतं म्हणे. बाबांना काही ते पटायचं नाही. “सिग्नलाक गाडी मरता आणि हे सांगतत फायदो!” असं ते मालवणीत करवादायचे.

जुलैतल्या एका सोमवारी भारतमाता थिएटरच्या सिग्नलला इंजिन बंद झालं ते झालंच. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ. बाबा घामाघूम. कॉलेजला निघालेली मनवा शेजारच्या सीटवर लाजेने अर्धी झालेली. तेवढ्यात मागच्या टेम्पोतून एक मुलगा उतरला, दोन जाड वायरी घेऊन आला आणि आपल्या बॅटरीवरून गाडी चालू करून दिली. जाताना म्हणाला, “काका, कोणीतरी साधी बॅटरी बसवलीय तुम्हाला. ह्या गाडीला दिवसातून शंभर वेळा उठायचं असतं, तिला दणकट बॅटरी लागते. माझ्याकडे या.”

तोच हा ओनील.

बाबा गेले. दणकट बॅटरी बसली. गाडी बदलून मिळाल्यासारखी धावली. त्या दिवशी ओनीलने मनवालाच ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं होतं. “दाब ब्रेक... हं. आता ऐक.”

तिने दाबला. इंजिन गप्प. एवढी शांतता, की तिला आपल्याच काळजाचे ठोके ऐकू आले. त्याला तर नाही ना आले?

“बंद पडली?” तिने हळूच विचारलं.

“छे! थांबलीय. तयारीत आहे. आता पाय उचल...”

गाडी घुर्रर्र करून जागी झाली. मनवाही झाली.

आणि मग सप्टेंबरात दोन सोमवारी गाडी चाळीच्या चौकातून हललीच नाही. चावी फिरवली की नुसतं टिकटिक. ओनील आला, बोनेट उघडलं, तारेला चिमट्यासारखं मीटर लावून बघितलं, सीटखाली डोकं घातलं, आणि दुसऱ्या खेपेला बाहेर आला तो गप्प गप्प. पुढे तीन सोमवार गाडी गुणी बाळासारखी चालू झाली. आणि ह्या सोमवारी पुन्हा ठप्प! साहेबांना उशीर. ऑफिसने स्पष्ट सांगितलं, आणखी एकदा असं झालं की काम दुसऱ्याला.

“तो पोरगो लबाड असा,” बाबांनी रात्री जेवताना ठरवून टाकलं. “तोच कायतरी करता. आता एकदा झाला ना, की सरळ चौकीत नेतंय तेका.”

आईने, मालन परबने, आमटीत पळी जरा जास्तच ढवळली.

तर आता त्याच पोरासमोर मनवा उभी होती.

“तू उतरवत नाहीस. मग कोण उतरवतं?”

“काहीतरी आहे जे गाडी उभी असताना वीज खातंय. थेंब थेंब. शनिवार-रविवार गाडी हलत नाही. बाकीचे दिवस दादर-परळ, पावलोपावली सिग्नल, तिथे इंजिन झोपतं. मग बॅटरी भरणार कधी?”

“काहीतरी म्हणजे काय?”

ओनीलने फडक्याला हात पुसायला घेतले. ते हात आधीच पुसलेले होते. “ते... मी नाही सांगू शकत.”

“माहीत नाही की सांगत नाहीस?”

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. डोळे इतके सरळ की वाटावं, ह्याच्याकडे आपण नाव, गाव, सगळं ठेवायला द्यावं. आणि तरी तोंड शिवलेलं! मनवाच्या मनात पाल चुकचुकली.

“काय बोलला गं?” पानपट्टीमागून श्रेयाने झडप घातली.

“चोर आहे,” मनवा म्हणाली. “पण कशाचा ते अजून कळलेलं नाही.”

रात्री अंथरुणात पडल्यापडल्या तिने बोटांवर हिशेब मांडला. प्रत्येक वेळी सोमवार. म्हणजे जे काही होतं ते रविवारी होतं. बास! सापडला.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी पहाटे सहाला ती गॅलरीत कठड्याला टेकून उभी राहिली. चौकात नळाला पहिलं पाणी आलं होतं. कुणाच्या तरी घरातून पोहे परतल्याचा वास. आणि सव्वासहाला... आलाच तो! खांद्यावर पिशवी, पायात चपला, मांजरासारखा. त्याने गाडीचं दार उघडलं. चावीने! बोनेट वर झालं. पिशवीतून काहीतरी काढून तो बॅटरीला जोडायला लागला.

खरं सांगू? चोर पकडल्याचा आनंद मनवाला एक आणाही नव्हता. सगळा वेळ ती मनातल्या मनात म्हणत होती, नको येऊस रे... नको येऊस.

ती तीन मजले उड्या मारत उतरली.

“ओनील!”

तो दचकला. बोनेटवर डोकं आपटलं. “आई ग... मनवा, हळू, प्लीज—”

“हळू काय हळू? चोरासारखा आमच्या गाडीत? आणि मी मूर्ख! मी तुझ्यासाठी बाबांशी भांडत होते!”

“माझ्यासाठी?” एवढ्या गडबडीतही त्याच्या तोंडावर किंचित हसू फुटलं.

“दात काढू नकोस!”

आवाज ऐकून बाबा खाली आले, तोंडात ब्रश, अंगात बनियन. बोनेट पाहिलं आणि ब्रश तोंडातून काढून त्यांनी ओनीलच्या छातीवर रोखला. “गावलो! चल चौकीत. आज रविवार असलो म्हणून काय झाला!”

मनवा वाट बघत होती. आता तो सांगेल. काहीही सांगेल. निदान ओरडेल तरी.

ओनीलने मान खाली घातली. “चूक झाली, काका. माझ्याच कामात खोट होती. मी पुन्हा येणार नाही.”

एवढंच? मनवा चमकली. दुकानात तोंडावर “नाही” म्हणणारा हा मुलगा, इथे एका वाक्यात सगळं कबूल? चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण न केलेली चोरी कबूल करणारा चोर? आणि मग तिची नजर त्याच्या हातातल्या चावीवर गेली. चावीला लोकरीचा हिरवा पोपट. आईने स्वतः विणलेला. ही जादा चावी तर तांदळाच्या डब्यात असते!

मनवाने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर आई उभी होती. पदर तोंडात.

काखेत कळसा...

मनवा गाडीत शिरली. ओनीलने सप्टेंबरात जिथे डोकं घातलं होतं तिथे, मागच्या सीटखाली, तिने हात घातला. काहीतरी गरम लागलं. ओढलं तर तळहाताएवढा प्लॅस्टिकचा डबा. त्याला एक इवलासा लाल दिवा आणि पुढे कार्पेटखाली जाणारी तार. बाजूला आवाजाचं चाक. तिने ते फिरवलं.

“श्री स्वामी समर्थ... श्री स्वामी समर्थ...”

चौकभर जप घुमला. नळावरच्या बायका हंडे टाकून बघायला लागल्या. बाबांच्या हातातला ब्रश खाली पडला.

आई जिना उतरून आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. “मीच बसवलंय, श्रावणात. तळमजल्यावरच्या भिवा वायरमनकडून. गेल्या वर्षी सायनला ट्रक घासून गेला ना तुमच्या गाडीला... तेव्हा नवस बोलले. ह्यांच्या गाडीत जप थांबू द्यायचा नाही. रात्रंदिवस. तुम्हाला सांगितलं असतं तर हसला असतात.”

“आणि आवाज?” मनवाने विचारलं.

“शून्यावर ठेवला. देवाला ऐकू येतंच. तुझ्या बाबांना येऊ नये म्हणून.”

“ह्या पोराला कसं कळलं?” बाबा पुटपुटले.

“मीटरने,” ओनील हळूच म्हणाला. “काढायला गेलो तर काकींनी हात धरला. शब्द घेतला माझ्याकडून. मग दर रविवारी येऊन बॅटरी भरून देत होतो. मागच्या रविवारी वसईला चुलतबहिणीच्या लेकाचा बाप्तिस्मा होता... तेवढा एक रविवार चुकला. माझी मम्मी पण प्रवासात सांभाळणाऱ्या संत ख्रिस्तोफरच्या तसबिरीशिवाय टेम्पो कधी बाहेर काढू देत नाही. मला काकींना नाही म्हणता येईना.”

आता डबा एकटाच बोलत होता.

बाबांनी खाली वाकून ब्रश उचलला. आईकडे न बघताच म्हणाले, “अगे, मग आवाज कित्याक बंद केलंस? मी काय राक्षस आसंय?”

आई रडता रडता हसली. आणि बाबांनी ओनीलच्या पाठीवर एक दणदणीत थाप मारली. परबांच्या घराण्यात माफी अशीच मागतात.

आई-बाबा वर चहाला गेले. मनवा मागे रेंगाळली.

“बावळट आहेस तू. चौकीत गेला असतास!”

“शब्द दिला होता.”

“आणि मी तुला चोर म्हटलं ते?”

“तेवढं लागलं जरा,” तो म्हणाला. “बोनेटपेक्षा जास्त.”

मनवाने ओठ चावला. मग धावत वर जाऊन आपली पॉवरबँक आणली, डब्याची तार गाडीपासून सोडवली आणि ओनीललाच ती खटपट करून पॉवरबँकला जोडायला लावली. लाल दिवा पुन्हा लागला. “हे बघ. जप अखंड, बॅटरी सुरक्षित. दोन पॉवरबँक ठेवीन. एक लावली की दुसरी घरी भरायची. आईचा नवसही राहील आणि बाबांचं कामही.”

“वा!” ओनील म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. “पण मग... रविवारी मी कशाला यायचं?”

आता मात्र मनवा गप्प झाली. आणि तोही. नळाचं पाणी, पोह्यांचा वास, सगळं आपापल्या जागी. ती शांतता तिच्या ओळखीची होती. बंद पडलेली नव्हती ती.

“काल एक उत्तर चार्जिंगला लावलं होतंस,” ती म्हणाली. “झालं का?”

“जुलैतच झालं होतं,” ओनील म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. “भारतमाताच्या सिग्नलला. तू लाजेने तोंड ओढणीत लपवलं होतंस... आणि एका डोळ्याने बघत होतीस.”

मनवाने फक्त त्याच्या करंगळीला आपली करंगळी लावली, अर्धा क्षण, आणि जिन्याकडे पळाली.

वर बाबा बशीत चहा ओतत होते. आई डोळे पुसून पोहे वाढत होती. मनवा दारातच थांबली. धाप लागलेली. बोटाला बॅटरीची काळी रेघ.

“आई, बाबा, एक सांगायचंय. मी ठरवलंय. पुढच्या रविवारी ओनील आपल्याकडे जेवायला येतोय. गाडीसाठी नाही... माझ्यासाठी.”